मूर्ती नुसतं प्रतीक असती तर नैवेद्य कशाला दाखवला असता?

प्रश्न विचारणाऱ्या ताई जर्मनीत राहतात. त्यांच्या मुलाला वर्गात कोणीतरी विचारलं की तुम्ही लोक पुतळ्यालाच देव मानता का. घरी येऊन त्याने आईला विचारलं, आईने आपण सगळेच देतो ते उत्तर दिलं, की अरे मूर्ती फक्त सिम्बॉल आहे, देव सगळीकडे आहे, मन एकाग्र व्हावं म्हणून समोर काहीतरी ठेवायचं एवढंच. त्यावर पोरगं म्हणालं, मग सिम्बॉलला तू रोज जेवण का दाखवतेस, आणि थंडीत बाळकृष्णाला लोकरीचा अंगरखा का घालतेस? ताई गप्प. शिवाय त्याच बाळकृष्णाचा हात परवा घासताना मोडलाय, त्याचं काय करायचं तेही विचारलंय.

पोराने बरोबर पकडलंय. मी भिक्षुकी करतो, वडीलही तेच करायचे, आणि यजमानांकडून हा "मूर्ती म्हणजे प्रतीक" वाला डायलॉग मी इतका ऐकलाय की आता पूजा सांगता सांगता हसू येतं, कारण तो म्हणणारा माणूस दहा मिनिटांनी देवाला कोमट पाण्याने आंघोळ घालत असतो आणि पाणी गार तर नाही ना हे बोट घालून बघत असतो. प्रतीकाला गार पाणी बाधत नाही हो. देवाला बाधतं असं त्याच्या हाताला माहितीये, तोंड मात्र दुसरंच बोलतंय.

हे दुसरं बोलणं आलं कुठून? माझा अंदाज असा की एकोणिसाव्या शतकात मिशनरी लोकांनी "दगडाची पूजा" म्हणून हिणवलं, आपल्यातल्या सुधारकांनीही प्रश्न केले, मुंबईत १८६७ ला प्रार्थना समाज निघाला, १८७५ ला दयानंदांनी तिथेच आर्य समाज काढला, त्याआधी १८६९ ला काशीत पंडितांशी त्यांचा मूर्तिपूजेवर मोठा वाद झाला होता. त्या सगळ्यात शिकलेल्या माणसाला एक सभ्य बचाव लागत होता आणि "प्रतीक" हा तो बचाव. चुकीचा नाही तो, अर्धा आहे. अव्यक्ताच्या मागे लागणं देह धारण केलेल्या माणसाला जड जातं हे गीतेच्या बाराव्या अध्यायातही सांगितलंय, म्हणजे डोळ्यापुढे काहीतरी हवं हे खरंच. पण तेवढंच असतं तर भिंतीवरचा ठिपकासुद्धा चालला असता की.

मी म्हणतो तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, पूजा नेमकी काय करते ते बघा. पूजेचा विधी अतिशय स्पष्ट बोलतो, आपण ऐकत नाही कारण संस्कृत चालू असताना आपलं लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे असतं.

सगळ्यात आधी सुपारी घ्या. कुठलीही पूजा असो, सत्यनारायण असो की वास्तुशांत, पहिला गणपती सुपारीचा. ताम्हनात किंवा पानावर तांदळाची छोटी रास, त्यावर सुपारी. ही सुपारी पाच मिनिटांपूर्वी किराणा दुकानाच्या पुडीत होती. अक्षता वाहून आवाहन केलं की ती गणपती झाली, मग तिला स्नान, गंध, जानवं, लाल फूल, दूर्वा, गूळखोबरं, सगळं. तेव्हा तिला चुकून कोणाचा पाय लागला तर अख्खं घर नमस्कार करतं. आणि पूजा संपली, विसर्जनाच्या अक्षता टाकल्या, की तीच सुपारी मी पिशवीत टाकतो आणि कोणाला काही वाटत नाही. सुपारीत काही बदल झाला का? काहीच नाही. दोन्ही वेळा सुपारी सुपारीच होती. मधल्या वेळात मात्र तिथे कोणीतरी आलं होतं, त्याला आपण बोलावलं होतं, आणि आलेल्याची जशी सरबराई करतात तशी केली. हिंदू पूजेतली मूर्ती मला विचाराल तर ही आहे, बोलावलेल्याची बसायची जागा.

भाद्रपदातल्या गणपतीचं तर अजून बघण्यासारखं असतं. बाजारातून आणलेली मातीची मूर्ती चौरंगावर बसली तरी अजून ती मूर्तीच, म्हणून तर प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत लोक ती उचलतात, फिरवतात, "जरा डावीकडे घ्या" म्हणतात. मग यजमान उजवा हात मूर्तीच्या हृदयाला लावतो आणि आम्ही प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतो, त्यात "अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु" येतं, या मूर्तीच्या ठायी प्राण स्थिर होवोत. दूर्वेने डोळ्यांना तूप लावायचं. मग पंधरा वेळा ओंकार, आणि तो कशासाठी तर गर्भाधानापासूनचे पंधरा संस्कार या मूर्तीवर झाले असं व्हावं म्हणून! म्हणजे घरात जन्मलेल्या पोराचे जे संस्कार करायला वर्षं जातात ते गणपतीचे दोन मिनिटांत उरकले, आता तो घरचा. त्यानंतर मूर्ती हलवायची नाही. आणि निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा, "यान्तु देवगणाः सर्वे" म्हणायचं, पूजा घेऊन आता जा आणि परत या, आणि मूर्ती जागेवरून किंचित सरकवायची. तिथे तो गेला. विसर्जनाला तलावावर जाते ती माती. घरात रडारड होते ती तरीही होतेच हा भाग वेगळा, दीड दिवसात सुद्धा माणूस जीव लावतो.

आता नैवेद्य, म्हणजे पोराचा मूळ प्रश्न. पानात मीठ वाढत नाहीत, पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर पान ठेवायचं, तुळशीचं पान भातावर, आणि प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय, उदानाय, समानाय असे घास भरवायचे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कोणी ऐकत नाही. नैवेद्याच्या मध्ये प्यायला पाणी द्यायचं. जेवण झाल्यावर हात धुवायला पाणी, तोंड धुवायला पाणी. मग येतं "करोद्वर्तनार्थे चंदनं समर्पयामि", म्हणजे जेवून हाताला वरणतुपाचा वास राहतो ना, तो जावा म्हणून हाताला चोळायला गंध. त्यानंतर विडा आणि वर दक्षिणा. हे ज्याने कोणी रचलं तो माणूस फार चांगला यजमान असला पाहिजे, जेवणाऱ्याच्या हाताला वास राहील हे त्याने देवाच्या बाबतीतही लक्षात ठेवलं. एकाग्रतेसाठी प्रतीक हवं असतं तर करोद्वर्तनाची गरजच काय होती?

सोळा उपचारांचं तेच. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, मग प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा एकेकाला लावल्यात. मजा बघा, त्याच पुरुषसूक्तात देव हजार डोक्यांचा, हजार डोळ्यांचा, सगळी पृथ्वी व्यापून वर दहा बोटं उरलेला असं म्हटलंय, आणि पहिल्याच ऋचेला त्याला म्हणायचं की ये. सगळीकडे आहे हे मान्य करूनच त्याला पाटावर बोलवायचं. ज्याने विधी केला त्याला यातला विरोध दिसत नव्हता असं समजायचं कारण नाही, त्याने तो मुद्दाम तसा ठेवलाय असं मला वाटतं.

बरं, मूर्तीला चेहरा असलाच पाहिजे असंही नाही, हे मुलाला आवर्जून सांगा, कारण "पुतळा" शब्दात लोकांना नाकडोळेच दिसतात. पंचायतन घ्या, म्हणजे पाच देवांची एकत्र पूजा, त्यात विष्णू म्हणजे गंडकीतला शाळीग्राम, शिव म्हणजे नर्मदेतला बाण, गणपती म्हणजे शोण नदीतला तांबडा दगड, सूर्याचा स्फटिक, देवीची सुवर्णमुखी शिळा. एकालाही तोंड नाही. शाळीग्रामाला आणि बाणाला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही, तिथे तो आधीच आहे असं धरतात. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात. कोकणात कितीतरी घरांत गौरी म्हणजे नदीवरून किंवा पाणवठ्यावरून आणलेले पाच-सात खडे, देशावर त्याच गौरींना मुखवटे, भरजरी साड्या आणि दागिने, आणि कुठे तेरड्याची रोपं. गौर तीच. भागवताच्या एकादश स्कंधातल्या सत्ताविसाव्या अध्यायात मूर्तीचे आठ प्रकार सांगितलेत, दगडाची, लाकडाची, धातूची, लिंपलेली, चितारलेली, वाळूची, रत्नाची, आणि त्यात एक मनोमयी, नुसती मनातली. ज्या यादीत दगडाच्या बरोबरीने मनातली मूर्ती बसते ती यादी करणाऱ्याला दगडाचं वेड होतं असं म्हणता येईल का? तिथेच पुढे असंही आहे की स्थिर मूर्तीला रोज आवाहन-विसर्जन करायचं नाही. देवळातला देव मुक्कामाला आहे, तो सुपारीसारखा येत-जात नाही.

आणि मुक्कामाला आहे म्हटल्यावर त्याला दिवस आहे, रात्र आहे, थकवा आहे. तुळजापूरची भवानी चल मूर्ती आहे, म्हणजे जागेवरून हलवता येणारी, वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा (नऊ दिवस लढली, दमली), आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. भोपे पुजारी मूर्ती उचलून गादीवर ठेवतात, आणि त्या दिवसांत बाया दर्शनाला जातात त्या निजलेल्या बाईला बघायला गेल्यासारख्या जातात.

पंढरपुरात उलटं. आषाढीला गर्दी वाढली की देवाचा पलंगच काढून टाकतात. शेजघर बंद, शेजारती नाही, देव चोवीस तास उभा, कारण पायी चालत आलेलं माणूस रात्री अडीचला पायाशी पोचलं तर देव झोपलाय असं कसं सांगायचं? मग एवढं उभं राहून पाठ दुखेल म्हणून विठ्ठलाच्या मागे कापसाचा लोड लावतात आणि रखुमाईला तक्क्या. वारी सरली की प्रक्षाळपूजा, पायाला लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य, आणि पलंग परत आत. उन्हाळ्यात चंदनउटी असते ती वेगळीच. हे सगळं करणाऱ्यांना वेदान्त माहीत नाही असं समजू नका, ज्ञानेश्वरी ज्यांच्या तोंडात बसलीये ते लोक हे करतात. तो दमत नाही हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी लोड लावतात. कारण प्रेम करायला समोरच्याची काहीतरी गरज लागते, जो कशानेच दमत नाही आणि ज्याला काहीच नको त्याचं तुम्ही करणार काय? त्याने आपल्यासाठी गरजवंत व्हायचं कबूल केलंय असं धरूनच सगळी सेवा चालते.

मग दगडात देव खरंच येतो का, असं पोरगं पुढे विचारेलच. याला तुकोबांनी जे सांगितलं त्यापलीकडे मला सांगता येत नाही. मातीचा महादेव केला म्हणून मातीला काही मोठेपण येत नाही, "शिवपूजा शिवासी पावे । माती मातीमाजी समावे". विष्णू पाषाणाचा केला तर पूजा विष्णूला जाते आणि पाषाण पाषाणच राहतो. किती सरळ! दगडाला देव म्हटलं नाही आणि पूजेला खोटंही म्हटलं नाही. नामदेवांचं बघा, एकीकडे "पाषाणाचा देव बोलत भक्तांतें । सांगते ऐकते मूर्ख दोघे" असं ठणकावतात, आणि त्याच नामदेवांची गोष्ट आपण पोरांना सांगतो की लहानपणी वडिलांच्या जागी नैवेद्य घेऊन गेले आणि देव जेवेपर्यंत हटूनच बसले. लोकांना वाटतं यातलं एक काहीतरी नंतर चिकटवलेलं. मला तसं वाटत नाही, जो हट्टाने जेवायला घालतो त्यालाच बोलणाऱ्या दगडाची थाप मारणारे भोंदू सगळ्यात जास्त खटकणार.

ज्ञानदेव अजून एक पायरी वर जातात. अमृतानुभवात ते म्हणतात, "देव देऊळ परिवारु । कीजे कोरुनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा". वेरूळचं कैलास बघितलं असेल तर ही ओवी लगेच कळते, तिथे देव, देऊळ, खांब, हत्ती सगळं एकाच डोंगरातून कोरलंय, वेगळा दगड आणून जोडलेला नाही. पूजा करणारा, पूजा आणि पूज्य एकच असले तरी भक्तीचा व्यवहार व्हायला काय हरकत आहे? पूजेच्या सुरुवातीला आम्ही आधी स्वतःच्या अंगाला न्यास करतो, म्हणजे मंत्र म्हणत हात, हृदय, डोकं यांना स्पर्श करतो, मगच देवाला हात लावतो, तो का हे इथे येऊन समजतं. दासबोधात समर्थांनी चार देव सांगितलेत, प्रतिमा, मग अवतार, मग अंतरात्मा, मग निर्विकारी परब्रह्म. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात ही तक्रार त्यांचीही आहे.

आणि ती तक्रार बरोबर आहे. मूर्तिपूजेवर टीका करायची तर बाहेरून कोणी यायची गरज नाही, भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल मुनी आईला सांगतात की सगळ्या भूतांमध्ये असलेल्या मला डावलून जो मूर्तीची पूजा करतो तो पूजेची विटंबना करतो, राखेत आहुती टाकतो. पंढरपुरातच बघा, चोखोबांना देवळात घेतलं नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि आपण शतकानुशतकं त्या समाधीवरून आत जाऊन देवाच्या पाठीला लोड लावत राहिलो. १९३० ला बाबासाहेबांना नाशिकच्या काळारामासाठी सत्याग्रह करावा लागला, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं तेव्हा कुठे विठ्ठल सगळ्यांचा झाला. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे काढलेलं आवडत नाही. पण मुलाला मूर्तिपूजा समजावून सांगताय तर हेही सांगा, नाहीतर तो मोठा झाल्यावर दुसऱ्या कोणाकडून ऐकेल आणि तुमचं सगळंच खोटं समजेल.

आता मोडलेल्या हाताचं. घाबरू नका, काही अशुभबिशुभ नाही, धातूचा बाळकृष्ण रोज घासून पन्नास वर्षांत झिजतो आणि पहिला जातो तो लोणी धरलेला हातच. दागिना किंवा आयुध दुखावलं तर डाग देऊन जोडलं तरी चालतं, अवयव गेला तर ती मूर्ती पूजेत ठेवत नाहीत असं आमच्याकडे धरतात. (शाळीग्रामाला ही अट नाही, तो फुटला तरी चालतो.) करायचं काय, तर एक शेवटची पूजा करा, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवा, आणि अक्षता वाहून त्याला सांगा की या मूर्तीतून आता निघावं. देवत्व काढून घेण्याचा हा प्रकार मोठ्या देवळांतही होतो, २०१५ ला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालं तेव्हा आधी कलाकर्षण विधी करून देवीचं तत्त्व कलशात घेतलं होतं आणि लोकांनी कलशाचं आणि उत्सवमूर्तीचं दर्शन घेतलं. तुमच्याकडे तेच छोट्या प्रमाणात. अक्षता वाहिल्यावर ते पितळ आहे. ते तिकडच्या नदीत टाकायच्या भानगडीत पडू नका, कायद्याचा प्रॉब्लेम होईल आणि नदीलाही काही उपयोग नाही. पुढच्या खेपेला भारतात आलात की मोडीत द्या किंवा त्याच पितळात थोडं घालून नवीन ओतून घ्या. आपल्याकडे झिजलेले टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीचे नवे करून घेतातच की, आणि खंडोबाचा नवा टाक असेल तर जेजुरीला नेऊन देवभेट करून आणतात.

नवीन बाळकृष्ण घेताना अंगठ्याच्या पेरापासून वीतभर एवढाच घ्या, घरात त्याहून मोठी मूर्ती नको असं मत्स्यपुराणात आहे आणि फ्लॅटच्या देवघराला ते सोयीचंही पडतं. तोपर्यंत तांदळावर सुपारी ठेवून रोजची पूजा चालू द्या, चालते. नवीन आल्यावर पंचामृताचा अभिषेक करा, पुरुषसूक्त येत नसेल तर नुसतं नाव घेत करा, व्हिडिओ कॉलवर मी सांगेन. पळी मुलाच्या हातात द्या. दूध, दही, तूप, मध, साखर याच क्रमाने, प्रत्येकानंतर साधं पाणी, आणि मधानंतरचं पाणी जरा कोमट घ्या, नाहीतर चिकटा जात नाही. आणि नैवेद्यानंतर ते हाताला लावायचं गंध विसरू नका.